वय ७२, पुरुष, नाव नाही

आपण गोळी गिळतो, वर घोटभर पाणी पितो आणि विसरून जातो. पण गोळी पोटात विरघळली म्हणजे काम झालं असं नव्हे. लहान आतड्याला आतून एक अस्तर असतं, अवघ्या एका पेशीच्या जाडीचं. औषध ते ओलांडून रक्तात गेलं तर उपयोग, नाहीतर आलं तसं गेलं! मग नवं औषध हे अस्तर ओलांडेल की नाही, हे माणसाला देण्याआधी कसं कळावं? मी काही विज्ञानाचा माणूस नाही, पण या प्रश्नाचा इतिहास वाचताना अगदी गुंतून गेलो.

सोपा उपाय म्हणजे आतड्याच्या पेशी प्रयोगशाळेत बशीत वाढवायच्या. पण त्या वाढेनात. शरीरातसुद्धा या पेशींचं आयुष्य चार-पाच दिवसांचं. अस्तराच्या खळग्यांमध्ये नव्या पेशी जन्मतात, वर सरकत जातात आणि टोकाला पोचल्या की गळून पडतात. शरीराबाहेर तर त्या लगेचच माना टाकत.

कर्करोगाच्या पेशींचं मात्र उलट. त्या मरायचं विसरलेल्या असतात. १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईंच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या पेशी आजही जगभर वाढताहेत. पुढे १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत यॉर्गेन फोग यांनी निरनिराळ्या गाठींपासून पेशींचे असे अनेक वाण तयार केले. त्यातलाच एक 'काको-२'. ७२ वर्षांच्या एका गोऱ्या गृहस्थाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेला.

आता गंमत पाहा. पेशी मोठ्या आतड्याच्या, त्यातून रोगट. त्यांचा लहान आतड्याशी काय संबंध? पण १९८३ साली पॅरिसजवळच्या व्हिलजुइफ इथे पिंटो, झ्वाइबाउम आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की बशी भरल्यावर या पेशींना तसंच राहू दिलं तर त्या वाढणं थांबवून रूप बदलतात. एकमेकींना घट्ट बिलगतात, त्यांच्या माथ्यावर ब्रशसारखी बारीक लव उगवते आणि साखर पचवणारं, लहान आतड्यातलं एन्झाइमही त्या तयार करू लागतात. जणू एखादा व्रात्य मुलगा वर्गात एकटा ठेवल्यावर शहाण्यासारखा वागू लागावा!

१९८९ साली अमेरिकेत हिडाल्गो, राउब आणि बोर्खार्ड्ट यांनी या पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवून त्यांचा वापर औषधं पारखायला करता येईल हे मांडलं. पडद्याच्या वर औषध घालायचं आणि खाली किती उतरलं ते मोजायचं. बस्स, एवढंच. पेशी तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. २०००च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनीही अशा चाचण्यांना जागा दिली.

उणिवा होत्याच. खऱ्या अस्तरात अनेक प्रकारच्या पेशी असतात, इथे एकच. खऱ्या आतड्यावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, इथे नाही. पेशींची वीणही जरा जास्तच घट्ट. शिवाय एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीशी जुळतीलच असं नाही.

२००९ साली नेदरलँड्समध्ये सातो आणि क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातल्या मूळ पेशींपासून बशीत चिमुकलं आतडं वाढवलं. २०११ पर्यंत माणसाचंही जमलं, तेही निरोगी पेशींपासून. त्याचा एक मोठा फायदा झाला. १९६८ साली ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या एका शाळेत मुलांना उलट्यांच्या साथीने गाठलं होतं. तो विषाणू १९७२ साली दिसला, पण प्रयोगशाळेत काही केल्या वाढत नव्हता. २०१६ साली ह्यूस्टनला मेरी एस्टेस यांच्या गटाने तो या चिमुकल्या आतड्यांच्या पेशींत वाढवून दाखवला. तरीही काको-२ निवृत्त झालेला नाही. स्वस्त, सवयीचा आणि पन्नास वर्षांच्या अनुभवाचा!

मला राहून राहून त्या ७२ वर्षांच्या गृहस्थाचं वाटतं. माझ्याच वयाचा माणूस. या कथेत संशोधकांची नावं, गावं, साल सगळं नोंदलेलं आहे. त्याची नोंद मात्र एवढीच: वय, वर्ण, पुरुष, आजार. लॅक्सबाईंचं नाव पुढे जगाला कळलं, आणि त्याबरोबर त्यांच्या मुलाबाळांच्या वाट्याला मनस्तापही आला. म्हणून या गृहस्थाचं नाव गुप्त राहिलं हे एका परीने बरंच झालं. पण नाव गुप्त ठेवणं वेगळं आणि ऋण विसरणं वेगळं. कितीतरी औषधांनी आपल्या रक्ताची वाट धरण्याआधी त्याच्या पेशींचा उंबरठा ओलांडला आहे.

असो. जाणकारांनी भर घालावी. आणि घरच्या मंडळींना एक प्रश्न: ऑपरेशनआधी आपण ज्या कागदांवर भराभर सह्या करतो, त्यात काढलेल्या भागाचं पुढे काय करणार हे लिहिलेलं असतं का? कुणी वाचलं असेल तर जरूर कळवा.