महामार्गाएवढा मतदारसंघ

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातून आय-८५ नावाचा महामार्ग जातो. १९९२ साली त्याच्या कडेकडेने संसदेचा एक मतदारसंघ आखला गेला. नंबर बारावा. लांबी सुमारे १६० मैल, रुंदी काही ठिकाणी जेमतेम रस्त्याएवढी. गाडीची दोन्ही दारं उघडी ठेवून इथून गेलात तर मतदारसंघातली बहुतेक माणसं आडवी होतील, असं तिथलाच एक आमदार म्हणाला होता. हा विनोद पुढे थेट सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात जाऊन बसला.

हा साप का काढला, हे कळल्यावर मात्र हसू मावळतं. जॉर्ज हेन्री व्हाइट हे कृष्णवर्णीय खासदार १९०१ साली संसदेतून बाहेर पडले. त्यानंतर ९० वर्षं या राज्याने एकही कृष्णवर्णीय खासदार पाठवला नव्हता. आणि लोकसंख्येत त्यांचा वाटा साधारण पाचवा! १९९०च्या जनगणनेनंतर केंद्रीय न्यायखात्याने त्यांचं बहुमत असलेला दुसरा मतदारसंघ मागितला आणि त्यासाठी राज्याचा आग्नेय भाग सुचवला. सत्ताधारी डेमोक्रॅटांना आपले बसलेले खासदारही सांभाळायचे होते. म्हणून हा मतदारसंघ महामार्गावर गेला. तरी काम झालं. पहिल्या मतदारसंघातून ईव्हा क्लेटन आणि बाराव्यातून मेल वॉट निवडून आले.

आपल्याकडे मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. तिथे खुद्द विधिमंडळच ठरवतं. म्हणजे ज्यांना निवडून यायचंय तेच पेन्सिल धरून बसलेले. या राज्यात तर गव्हर्नरला त्या नकाशावर नकाराधिकारसुद्धा नाही.

१९९३मध्ये, शॉ विरुद्ध रीनो खटल्यात, सुप्रीम कोर्टाने ५-४ असा निकाल दिला: केवळ वंशावरून रेघ ओढली असेल तर तिला घटनेच्या कसोटीवर आव्हान देता येईल. तोच मतदारसंघ थोडा बदलून पुन्हा पुन्हा कोर्टात गेला. २००१मध्ये, चौथ्या खेपेला, कोर्टाने तो मान्य केला. कारण? ही रेघ वंशावरून नाही, पक्षावरून ओढली आहे. कृष्णवर्णीय मतदार बहुतांश डेमोक्रॅटच असतात. मग तीच माणसं, तीच रेघ, फक्त फाईलवरचं लेबल बदललं.

ही पळवाट रिपब्लिकनांनी २०१६ साली उघडपणे वापरली. त्यांचा आधीचा नकाशा वंशाच्या मुद्द्यावर रद्द झाला होता. नवा आखताना आमदार डेव्हिड लुईस यांनी समितीसमोर सांगूनच टाकलं: १३पैकी १० जागा रिपब्लिकनांना मिळतील असा नकाशा हवा, कारण ११-२ काही जमेल असं वाटत नाही. नकाशाकार थॉमस हॉफेलर यांनी सॉफ्टवेअरवर तो काढला. ग्रीन्सबरोमधलं 'ए अँड टी' हे ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ दोन मतदारसंघांत कापलं गेलं. निवडणुकीत ५३ टक्के मतांवर बरोब्बर १० जागा आल्या.

कोड लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला पुढचा भाग फार आवडतो. ड्यूक विद्यापीठातले गणितज्ञ जोनाथन मॅटिंगली यांनी पक्ष न बघता, फक्त नियम पाळून, संगणकाकडून २४ हजारांहून अधिक नकाशे काढून घेतले. ९९ टक्क्यांहून जास्त नकाशांत डेमोक्रॅटांना किमान एक जागा जास्त मिळत होती. आपण टेस्टिंगमध्ये आउटलायर पकडतो, तसा हा नकाशा पकडला गेला.

तरीही २०१९मध्ये, रूचो खटल्यात, सुप्रीम कोर्ट ५-४ने म्हणालं की पक्षीय अन्याय मोजून द्यायची कसोटी फेडरल कोर्टांकडे नाही. राज्यांच्या कोर्टांत जा. मोजमाप तर समोरच पडलं होतं. न्या. एलेना केगन यांनी विरोधी मतात हे आकडे मांडले, ते वाचण्यासारखे आहेत.

लोक राज्याच्या कोर्टात गेलेसुद्धा. २०२२मध्ये तिथे ४-३ने जिंकले, कोर्टाच्या देखरेखीखालच्या नकाशावर निवडणूक झाली आणि १४ जागा ७-७ अशा वाटल्या गेल्या. पण त्याच निवडणुकीत न्यायाधीशही निवडले जात होते. कोर्टाचं बहुमत पालटलं, आणि काही महिन्यांत, एप्रिल २०२३मध्ये, त्याच कोर्टाने आपलाच निकाल फिरवला. नव्या नकाशावर २०२४मध्ये रिपब्लिकनांना १०, डेमोक्रॅटांना ४.

ऑक्टोबर २०२५मध्ये, जनगणनेची वाटही न पाहता, विधिमंडळाने अकराव्या जागेसाठी पुन्हा नकाशा बदलला. यावेळी निशाण्यावर होता पहिला मतदारसंघ. ईव्हा क्लेटन यांचा. १९९२पासून तिथून सतत कृष्णवर्णीय खासदारच निवडून आला आहे.