कापूस खाणारी पावडर

मागच्या महिन्यात कपाट आवरताना आईचं इरकली लुगडं हाती लागलं. इरकलीची गंमत अशी की अंग सुती आणि पदर रेशमी. विणकर दोन्हींचे ताणे फासा देऊन एकमेकांत अडकवतो. सुती अंग अजून चांगलं आहे, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालंय. पदर मात्र उलगडला तर बोटं आरपार दिसली. आई गेल्यावर मी ते वर्षातून दोन-चारदा नेसायची आणि दर वेळी, डाग असो नसो, महागाच्या पावडरीत रात्रभर भिजवून धुवायची. आईचं लुगडं, त्याला साधी पावडर कशी वापरायची!

नातीने पावडरीचा डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली. "आजी, यात एन्झाइम्स आहेत. तू रेशीम रात्रभर यात बुडवलंस?"

एन्झाइम म्हणजे आपलं पाठ्यपुस्तकातलं विकर. मी मराठीची शिक्षिका, पण शाळेत माणसं कमी, त्यामुळे सामान्य विज्ञानही कित्येक वर्षं माझ्याच गळ्यात होतं. मुलं हमखास 'विकार' म्हणायची. मग मी प्रत्येकाला भाकरीचा तुकडा गोड लागेपर्यंत चावायला लावायची. लाळेतलं विकर पिष्टाची साखर करतं, हे त्यांना पटायचं. एक विकर एकच काम करतं, कुलपाला किल्ली तसं, हेही फळ्यावर लिहून दिलं होतं. पण ते घरच्या बादलीपर्यंत काही पोचलं नाही.

तर त्या निमित्ताने ही विकरं धुण्यात आली कशी, ते शोधत बसले. सुरुवात ऐकून नाक मुरडाल. ओटो रोम नावाचा एक जर्मन रसायनतज्ज्ञ होता. त्या काळी कातडी मऊ करायला कुत्र्याची विष्ठा वापरत. तिच्यात काम करतात ती पाचक विकरं, हे ओळखून त्याने 1907च्या सुमारास जनावरांच्या स्वादुपिंडाचा अर्क वापरायची पद्धत काढली. पुढे त्याला वाटलं, अंगावरच्या कपड्याचा मळ म्हणजे तरी काय? घाम, तेलकटपणा, कातडीचे कण, अन्न. मग तोही पचवता येईल! 1913 मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि 1914 मध्ये 'बुर्नुस' नावाची भिजवण्याची पावडर बाजारात आली. पण तिच्यात मुख्य माल धुण्याचा सोडाच. पोटातल्या विकराला असल्या क्षारात फारसं काम करता येईना. सोडा-साबणात टिकणारं विकर हवं होतं.

ते मिळायला पुढची चाळीसेक वर्षं गेली. जनावराऐवजी जिवाणूपासून काढलेलं प्रथिन पचवणारं विकर, म्हणजे प्रोटीज, घालून 1959 मध्ये स्वित्झर्लंडात 'बायो 40' निघालं. मग डेन्मार्कच्या नोवो कंपनीने क्षारात आणि गरम पाण्यातही टिकणारं प्रोटीज आणलं आणि युरोपभर अशा पावडरींची लाट आली. रक्त, दूध, अंडं, घाम यांचे डाग निघू लागले. सुताला त्याचा काहीच त्रास नाही, कारण कापूस प्रथिन नव्हे. रेशीम आणि लोकर मात्र प्रथिनंच. प्रोटीजला रक्ताचा डाग आणि आईचा पदर यातला फरक कळत नाही.

या लाटेत कपड्यांआधी माणसं भरडली गेली. पावडर तयार करणाऱ्या कारखान्यांत विकराची धूळ हवेत उडायची. कामगारांना दमा, धाप लागू लागली. फ्लिंट नावाच्या डॉक्टरांनी 1969 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे मांडल्यावर बोभाटा झाला. अमेरिकेत कंपन्यांनी काही काळ विकरं काढूनही टाकली. मग विकराचे दाणे करून त्यांवर लेप द्यायची युक्ती आली, म्हणजे धूळच उडायला नको. बदल झाला हे चांगलंच, पण त्याआधी किती जणांच्या छातीवर तो प्रयोग झाला, हे डब्यामागे लिहिलेलं नसतं.

आता कापसाकडे येते, कारण खरी नवलाची गोष्ट तिथे आहे. कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज. साखरेचे हजारो कण एका माळेत ओवलेले. आपल्याला तो पचत नाही, बुरशीला पचतो. कोकणात नोकरीला असताना मी हे दर पावसाळ्यात बघितलंय. आषाढात पेटीत ठेवलेलं धोतर भाद्रपदात काढावं तर काळे ठिपके आणि कुबट वास, आणि झटकलं की टर्रकन फाटणार.

असाच फटका दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवर बसला. सुती तंबू, पट्टे, कपडे कुजून जायचे. सैन्याने शास्त्रज्ञ कामाला लावले. सॉलोमन बेटांवरच्या एका कुजक्या सुती कापडावरून आणलेली बुरशी त्यांनी जपून वाढवली. उद्देश एवढाच की शत्रू ओळखावा आणि कापड वाचवावं. एल्विन रीझ आणि मेरी मँडल्स यांनी तिच्या विकरांवर, म्हणजे सेल्युलेजवर, वर्षानुवर्षं काम केलं. पुढे त्या बुरशीला रीझ यांचंच नाव मिळालं, ट्रायकोडर्मा रीझेई. आणि आज तिचंच सेल्युलेज कापडाच्या कारखान्यांत पगारी नोकर आहे! जीन्सला जुनेपणाचा रंग आणायला पूर्वी दगडांबरोबर घुसळत, ते काम आता बरंचसं सेल्युलेज करतं.

धुण्याच्या पावडरीसाठी मात्र क्षारात टिकणारं सेल्युलेज हवं होतं. जपानच्या कोकी होरिकोशींना 1968 मध्ये फ्लॉरेन्समधल्या जुन्या इमारती बघताना वाटलं, की आपल्याकडच्यापेक्षा इतकी वेगळी संस्कृती असू शकते, तर क्षारात सुखाने राहणाऱ्या जिवाणूंचंही वेगळं जग असेल. परत गेल्यावर सोडा घातलेल्या पोषक द्रवात त्यांनी साधी माती टाकली, आणि जिवाणू वाढले. (आमच्या सहली इमारतींसमोर फोटो काढून परत यायच्या.) याच वाटेने पुढे जाऊन काओ कंपनीने 1987 मध्ये जपानात 'अटॅक' आणली. तिच्यात असं सेल्युलेज होतं आणि पूर्वीच्या मोठ्या खोक्याऐवजी छोट्या डब्यात, चमचाभर पुरेल अशी.

पण कापूस खाणारं विकर सुती कपड्यात घालायचं कशाला? कापसाच्या तंतूत काही भाग घट्ट रचलेला असतो, काही विस्कळीत. सेल्युलेज मुख्यतः विस्कळीत भागावर चालतं. तिथे अडकलेला मळ सैल होतो. शिवाय वापरून आणि घासून सुतावर जी लव उठते, गोळे धरतात, ती टोकं ते कातरतं. काळा सदरा राखाडी दिसतो तो बऱ्याचदा रंग गेला म्हणून नव्हे, तर या लवेवर उजेड विखुरतो म्हणून. लव गेली की रंग परत आल्यासारखा वाटतो. म्हणजे कपडा नवा दिसतो, कारण त्याचा थोडासा भाग खाल्लेला असतो. मात्रा बेताची असली तर नुकसान किरकोळ. फार झालं तर कापडाची ताकद घटते.

हे वाचून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. आई लुगडं पिळून झटकायची, सावलीत वाळवायची, आणि विरलं की गोधडीत घालायची. विरण्याची गती तिच्या हातात होती. मी प्रेमाने रात्रभर भिजवत राहिले आणि पदर घालवला. डब्यामागे 'रेशीम व लोकरीसाठी नाही' असं लिहिलेलं होतंच. तेव्हा चष्मा जवळ नसायचा, ही सबब सांगून बघितली. नातीने ऐकून घेतली.

आता पदर वेगळा काढून मलमलीवर टाके घालून ठेवलाय. उरलेल्या सुती अंगाचा तिला कुर्ता शिवायचा आहे. रिठ्याच्या पाण्यात हाताने धुवायचा, या अटीवर कापड दिलं. परवा विचारत होती, "आजी, रिठे कुठे मिळतात?"