खायचा का धुण्याचा?

सिरसाळ्यात किराणा दुकानात नुसतं ‘सोडा द्या’ म्हटलं, की दुकानदार पुडीकडे गेलेला हात थांबवून विचारतो, “खायचा का धुण्याचा?” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. दोन्ही पांढरेशुभ्र. पण एकाने भजी हलकी होतात आणि दुसरा जिभेला लागला तर तोंड पोळतं.

पूर्वी सोडा हा शब्दच आपल्याकडे नव्हता. होता तो खार. संस्कृत वैद्यकातली सर्जिका म्हणजे आपला सज्जीखार. खारवट जमिनीतली झुडपं जाळून, त्यांच्या राखेतून तो काढत. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या तर नावातच लवण आहे. तिथे काठाला जमणाऱ्या खाराला दल्ला, खप्पल, भुसकी, पापडी अशी वेगवेगळी नावं होती. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद ‘ऐन-इ-अकबरी’तही आहे. अशा सरोवरांच्या खारात दोन्ही सोडे एकाच खड्यात नांदतात. आपला पापडखारही याच कुळातला. तो पाण्यात उकळायचा, निवळू द्यायचा आणि त्या पाण्यात उडदाचं पीठ भिजवायचं. आजीला त्यात दोन सोडे वेगळे मोजावे लागले नाहीत.

वाटण्या झाल्या कारखान्यात. फ्रान्समध्ये लब्लांने १७९१ साली मिठापासून सोडा करायची कृती काढली. १८६१ मध्ये बेल्जियमच्या सॉल्व्हेने त्याहून स्वस्त वाट शोधली. सॉल्व्हेच्या कृतीत मजा अशी, की आधी तयार होतो खायचा सोडा! तो भाजला की धुण्याचा होतो. बाजारात येणारा खायचा सोडा मात्र धुण्याच्या सोड्याच्या द्रावात कार्बन डायऑक्साइड सोडून पुन्हा घडवतात. म्हणजे यातला थोरला कोण नि धाकटा कोण, हे सांगणंच अवघड. गुजरातेत मिठापूरला १९३९ साली टाटा केमिकल्स स्थापन झाली, ती याच मालासाठी.

फरक तसा एका अणूचा. धुण्याच्या सोड्यात, म्हणजे कार्बोनेटमध्ये, सोडियमचे दोन अणू. त्यातला एक जाऊन हायड्रोजन बसला, की खायचं बायकार्बोनेट. तेवढ्यानं सामू ११ वरून ८ च्या थोडा वर येतो आणि धार उतरते. बोअरच्या जड पाण्यात साबण फेसत नाही, फुटतो. तिथे कार्बोनेट पाण्यातलं कॅल्शियम खाली बसवतं आणि मग फेस धरतो. परटाच्या भट्टीत मळ सुटायचा तोही याच्याच जोरावर. धुण्याच्या सोड्याच्या स्फटिक खड्यात वजनाच्या ६३ टक्के नुसतं पाणी असतं. खडे उघड्यावर राहिले तर पाणी उडून पिठूळ होतात.

खायचा सोडा कोरड्या तव्यावर तापवा. वास येत नाही, रंग बदलत नाही. वाफ आणि वायू निघून जातात, १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम उरतात. उरतं ते कार्बोनेट. ते भज्यात घालू नका.

घरात बिननावाची पुडी सापडली, तर चाखायची नाहीच. दोन बशांत हळदीचं पाणी घ्यायचं. एकीत ओळखीचा खायचा सोडा टाकायचा, दुसरीत पुडीतला. खायच्यानं हळद जरा नारिंगीकडे झुकते. धुण्याचा असेल तर पाणी चुना पडल्यासारखं झर्रकन लाल होतं.