भुताचा वाडा आणि नाखूश सहपालक

गॉथिक प्रेमकथेचा एक पोटप्रकार असा आहे, की त्यात दोन माणसं प्रेमात पडण्याआधी एका जबाबदारीत अडकतात. मूल पोरकं असतं, वाडा त्याच्या घराण्याचा असतो, आणि सांभाळणाऱ्या दोघांपैकी निदान एकाला तरी हे झेंगट नको असतं. वाड्यात कुणीतरी वावरतं. या कथांत भूत आधी येतं आणि त्याच्या भीतीने माणसं जवळ येतात, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते क्रम उलटा आहे. पालकाची खुर्ची रिकामी राहते म्हणून भूत येतं. ते मोकळ्या खोलीत शिरत नाही, मोकळ्या अधिकारात शिरतं.

हे समजायला इंग्लंडचा कायदा पाहावा लागतो. १६६०च्या कायद्याने बापाला मृत्युपत्रात मुलांचा पालक नेमून ठेवण्याचा अधिकार दिला. आईचं मत विचारायची गरज नव्हती. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेने स्वतःच्या मुलांसाठी झगडून रान उठवलं, तेव्हा कुठे १८३९मध्ये सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागायला आईला कोर्टाची पायरी चढता येऊ लागली. बापाच्या पश्चात आईही पालक, आणि त्याने दुसरा कुणी नेमला असेल तर त्याच्यासोबत सहपालक, ही तरतूद १८८६ची. म्हणजे एकमेकांना न निवडलेल्या दोघांनी एक मूल सांभाळायचं, हा प्रसंग कादंबरीकारांच्या डोक्यातून निघालेला नाही. तो कायद्यातच होता. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे 'अ.पा.क.' हा शेरा वाचलेल्या माणसाला यातली भीती वेगळी सांगावी लागणार नाही. जमीन पोराच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याच्या हातात. शेरिडन ले फानूच्या 'अंकल सायलस'मध्ये (१८६४) बाप मुलीला ज्या भावाच्या हवाली करून मरतो, त्यालाच ती सज्ञान होण्याआधी मेली तर सगळी मिळकत मिळणार असते. तिथे भुताची गरजच उरत नाही. त्याआधी अ‍ॅन रॅडक्लिफच्या 'उडोल्फो'मध्येही (१७९४) पोरक्या एमिलीला किल्ल्यात नेणारा माँटोनी हा तिच्या आत्याचा नवरा आहे आणि त्याचा डोळा मालमत्तेवर आहे.

या प्रकाराचा सगळ्यात नेमका नमुना म्हणजे हेन्री जेम्सची १८९८ची 'द टर्न ऑफ द स्क्रू'. माइल्स आणि फ्लोरा यांचे आईबाप हिंदुस्थानात वारले. चुलता लंडनमध्ये हार्ले स्ट्रीटवर राहतो. देखणा, सधन, एकटा. एसेक्समधल्या ब्लाय या घरी मुलांसाठी तो वीस वर्षांची एक गव्हर्नेस नेमतो, गरीब पाद्र्याची धाकटी लेक. अट एकच: कसलीही अडचण आली तरी मला कळवायचं नाही. ती त्याच्यावर भाळलेली आहे, म्हणून अट मान्य करते. पुढे माइल्सला शाळेतून काढल्याचं हेडमास्तरांचं पत्र येतं, तर चुलता ते न फोडताच तिच्याकडे पाठवतो. कागदोपत्री पालक तो, प्रत्यक्षात ती, आणि दोघांत बोलणं शून्य.

आता याच कथेतलं मनोऱ्याचं दृश्य. जूनची संध्याकाळ आहे, मुलं झोपायला गेली आहेत, ती बागेत एकटी फिरते आहे. मनात इच्छा अशी, की वळणावर अचानक कुणीतरी समोर यावं आणि तिचं काम पाहून पसंतीने हसावं. तेवढ्यात मनोऱ्यावर एक माणूस दिसतो. क्षणभर तिला वाटतं, हा चुलताच. मग कळतं, की हा दुसराच आहे. डोक्यावर हॅट नाही, म्हणजे घरच्यासारखा मोकळा वावरणारा. पुढे कारभारीण मिसेस ग्रोस ओळख पटवते: पीटर क्विंट, मालकाचा खासगी नोकर, आता मेलेला. अंगातले कपडे मालकाचे होते. मालकाने त्याला इथे ठेवलं तेव्हा सगळा कारभार त्याच्या शब्दावर चाले, मुलांबाबतही. आधीची गव्हर्नेस मिस जेसल त्याच्याशी जोडलेली होती, आणि तीही मेली.

माझ्या मुद्द्याचा सगळा आधार या तपशिलांत आहे. ब्लायची भुतं म्हणजे कुणी शापित पूर्वज नव्हेत. ती आधीची सहपालकांची जोडी आहे. क्विंट चुलत्याचे कपडे घालून चुलत्याच्याच जागी उभा राहतो, कारण ती जागा चुलत्याने सोडून दिलेली आहे. नव्या गव्हर्नेसला प्रेमाचा माणूस हवा होता. त्या आसनावर जो बसलेला होता तोच तिला दिसला. भुतं खरी की तिच्या मनाची, हा वाद समीक्षक एडमंड विल्सनच्या १९३४च्या लेखापासून रंगला आहे. मला तो वाद दुय्यम वाटतो. दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी क्विंट उभा राहतो ती जागा बदलत नाही.

शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) मांडणी तीच आहे, फक्त दुसरा पालक घरी परततो. वाड्याचा मालक रॉचेस्टर अडेल या लहान मुलीला पॅरिसहून घेऊन आला आहे, पण ती आपली मुलगी आहे असं तो मानत नाही. गव्हर्नेस जेन वर्षाला ३० पौंडांवर तिला शिकवते. बागेत फिरताना तो जेनला अडेलच्या आईची सगळी हकिकत सांगतो, आणि आता तू नोकरी सोडशील, असंही सुचवतो. जेन म्हणते, मूल इतकं पोरकं आहे हे कळल्यावर मी त्याला जास्तच जवळ घेईन. या दोघांचं प्रेम माझ्या लेखी इथे सुरू होतं, पुढे रॉचेस्टरचा बिछाना पेटतो त्या प्रसंगापाशी नाही. दोन पालक पहिल्यांदाच मुलाबद्दल खरं बोलले. पण रॉचेस्टर अर्धंच बोलला. जे दडवलं, ते तिसऱ्या मजल्यावर हसत राहिलं. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये एक वकील उभा राहून हरकत घेतो, तेव्हा त्या हसण्यामागची बर्था ही रॉचेस्टरची जिवंत बायको ठरते. भूत उतरवायला इथे मांत्रिक लागत नाही, कागद पुरतो. ब्लायमधून तसा कागदच बाहेर जात नाही. गव्हर्नेस शेवटी चुलत्याला लिहिते, तेही पत्र माइल्स चोरतो.

आपल्या हिंदी सिनेमाने हा वाडा मनापासून उचलला. 'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२), 'रिबेका' या कादंबरीवरून घेतलेला 'कोहरा' (१९६४), सगळ्यांत हवेली आहे, धुकं आहे, गाणारी किंवा गेलेली बाई आहे; पाल्य मात्र नाही. मला वाटतं, कारण आपल्या कुटुंबरचनेत आहे. पोरकं मूल काका-काकूंच्या नाहीतर मामाच्या घरी जातं. तिथे त्याचा छळ होईल, वाटा बुडवला जाईल, पण पालकाची खुर्ची रिकामी दिसणार नाही. छळाची कथा आपल्याकडे भरपूर आहे, गैरहजेरीची कमी.

या प्रकारातली एक गोष्ट मला खटकते. सहपालकांना जवळ आणणारं मूल कथा संपताना हमखास बाजूला सारलं जातं. जेन-रॉचेस्टरच्या संसारात अडेलला जागा नाही. ती शाळेत राहते. जेन तिच्यासाठी जवळची, बरी शाळा शोधते, हे खरं, तरी ती घरी राहत नाहीच. माइल्स तर गव्हर्नेसच्या मिठीत मरतो. २०२०च्या 'द हॉन्टिंग ऑफ ब्लाय मॅनर' या मालिकेने दोन्ही मुलं जगवली, चुलत्यालाही परत आणलं, आणि प्रेम गव्हर्नेस डॅनी व बागेत काम करणारी जेमी यांच्यात फुलवलं. पण मोठेपणी त्या मुलांना ब्लायमध्ये काय घडलं ते आठवत नाही. ज्यांच्यासाठी डॅनीने जीव पणाला लावला, त्यांच्या लेखी ती उरलेली नाही. मूल, वाडा आणि प्रेम ही तिन्ही शेवटपर्यंत एका छपराखाली ठेवणारी कथा या परंपरेतल्या मोठ्या लेखकांनी लिहिलेली मला तरी सापडली नाही.