मरूद्यान : पोलंडमधील एका युवा-शिबिराचा इतिहास

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की धर्मग्रामांतून युवा-शिबिरांची घोषणा होते आणि घराघरांत एक प्रश्न उपस्थित होतो : प्रार्थना, गाणी व खेळ यांत दिवस घालविण्यापेक्षा मुलांनी पुढील वर्षाच्या क्लासला गेलेले काय वाईट? आईवडिलांची काळजी रास्त आहे. तथापि शिबिर म्हणजे केवळ फावल्या वेळेची सोय, ही समजूत तपासून पाहावयास हवी. त्या दृष्टीने पोलंडमधील 'मरूद्यान' शिबिरांचा इतिहास उद्बोधक आहे.

त्यांचे प्रवर्तक फादर फ्रांचिशेक ब्लाख्नित्स्की यांचा जन्म १९२१ साली रिब्निक येथे झाला. तरुणपणी ते बालवीर चळवळीत रमले. श्रद्धा मात्र मागे पडली. १९४० साली नाझींनी त्यांना पकडून आउश्वित्सच्या छळछावणीत टाकले. १९४२ साली त्यांना देहान्ताची शिक्षा झाली. मृत्यूची वाट पाहत असताना, त्या कोठडीतच त्यांच्या अंतःकरणात श्रद्धेचा दिवा उजळला. पुढे शिक्षा सौम्य झाली, प्राण वाचले आणि १९५० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

१९५४ साली त्यांनी वेदीसेवक मुलांसाठी पहिले शिबिर भरविले. बालवीरांची शिस्त व सहजीवन त्यांनी अध्यात्माच्या सेवेस लावले. हळूहळू शिबिराची घडी बसली. जपमाळेच्या पंधरा रहस्यांना अनुसरून पंधरा दिवस. रोज मिस्साबली, पवित्र शास्त्रावर लहान गटांत चिंतन, डोंगरांतून भटकंती आणि सायंकाळी निर्मळ करमणूक. गटाचे नेतृत्व वयाने थोड्या मोठ्या तरुण-तरुणींकडे असे. श्रद्धेचा धडा येथे व्याख्यानातून नव्हे, तर एकत्र राहण्यातून मिळे.

कम्युनिस्ट राजवटीला हे रुचणे शक्य नव्हते. तरुण पिढी घडविण्याचा अधिकार आपलाच, असा शासनाचा दावा होता. फादरांनी चालविलेली मद्यसंयमाची मोहीम १९६० साली बंद पाडण्यात आली आणि १९६१ साली त्यांना तुरुंगवास घडला. तरीही दुनायेत्स नदीकाठचे क्रोश्चेंको हे गाव या शिबिरांचे केंद्र बनले. मुलांना आसरा देणाऱ्या डोंगरी शेतकऱ्यांना दंड भरावा लागे. तरी त्यांनी दारे बंद केली नाहीत. क्राकुफचे कार्डिनल वोयतिला यांनी या कार्याची उघडपणे पाठराखण केली. १९७२ साली त्यांनी शिबिरार्थींसमवेत डोंगरावर मिस्साबली अर्पण केला. हेच कार्डिनल १९७८ साली पोप जॉन पॉल दुसरे झाले आणि १९८६ साली मुंबई, पुणे व गोवा येथील भाविकांना त्यांचे दर्शन घडले.

शिबिर पंधरा दिवसांत संपे. काम मात्र संपत नसे. मुले गावी परतली की वर्षभर धर्मग्रामात त्यांचे गट भरत. १९७३ साली विवाहित जोडप्यांसाठी 'घरगुती ख्रिस्तसभा' ही शाखा सुरू झाली. १९७६ पासून चळवळ 'प्रकाश-जीवन' या नावाने ओळखली जाऊ लागली. पोलंडमध्ये १९८१ साली लष्करी कायदा लागू झाला तेव्हा फादर परदेशी होते. ते मायदेशी परतू शकले नाहीत. १९८७ साली जर्मनीत त्यांचे निधन झाले. त्यांना विष देण्यात आले होते, असा निष्कर्ष पोलंडच्या तपास यंत्रणेने २०२३ साली जाहीर केला. २०१५ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' घोषित केले होते.

आपल्या मुलांवर असे शासन नाही. परंतु त्यांना ओढून नेणाऱ्या गोष्टी थोड्या नाहीत : स्पर्धेचा ताण, समारंभांतून सहज हाती येणारा पेला, घरात असूनही वाट्याला येणारे एकटेपण. वाळवंटातला प्रवासी मरूद्यानात कायमचा राहत नाही. पाणी पिऊन पुढची वाट चालतो. मुलांना ते पाणी मिळू द्यावे. आणि शिबिराहून परतलेल्या मुलाने रात्री शुभवर्तमान उघडले, तर दूरदर्शन संच बंद करून आपण त्याच्या शेजारी बसावे. पोलंडमधील त्या शेतकऱ्यांनी दंड सोसून दार उघडे ठेवले. आपल्याला तेवढी तरी किंमत मोजावयास काय हरकत आहे?