कागदावरचं हरीण पळायला कसं शिकलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. आज लढाई नाही, तह नाही. एक राजा आहे, पण तो हरणांचा आहे आणि सेलवर रंगवलेला आहे. हातानं चित्रं काढून ती हलवायची कला आपल्याकडे लोक कुणाकडून शिकले, त्याची ही गोष्ट.

आधी थोडा हिशोब. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात. हातानं काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम चालवतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. मिनिटाला 720. दहा मिनिटांच्या फिल्मला 7,200, तेही एकच पात्र हलत असेल तर! दोन हरणं आली की धरा दुप्पट. म्हणून काम वाटून घेतात. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतल्या मोक्याच्या पोझ काढतो, त्यांना म्हणतात की ड्रॉइंग. मधली चित्रं भरतो तो इनबिट्वीनर. मग पूर्वी या रेषा पारदर्शक सेलवर उतरवत, सेलच्या मागून रंग भरत, आणि बॅकग्राउंडवर ठेवून एकेक फ्रेम शूट करत.

इनबिट्वीनर हा शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता फाळक्यांकडे येऊ. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 मध्ये, दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं फिल्मवर घेतलं. पडद्यावर बघणाऱ्याला वाटलं, रोप डोळ्यांदेखत उगवतंय. पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात काड्यापेटीतल्या काड्या आपल्या आपण हलायच्या. ही चित्रं काढलेली नव्हती, खऱ्या वस्तू होत्या, पण युक्ती तीच: थोडं हलवा, एक फ्रेम घ्या, परत हलवा. त्यानंतर 1934 मध्ये पुण्याच्या प्रभातनं 'जंबूकाका' नावाचा कार्टूनपट केला. जंबूक म्हणजे कोल्हा, हे आजीला विचारलंत तर कळेल.

हे सगळं भारी आहेच. पण मला यात एक गोष्ट खटकते. फाळक्यांनी जे शोधलं ते फाळक्यांपाशी राहिलं, प्रभातनं जे केलं ते त्या फिल्मपाशी थांबलं. पुढच्या माणसाला शेजारी बसवून 'असं धर, असं उलट' म्हणणारी साखळीच तयार झाली नाही. दर वेळी नव्या माणसानं पाटी कोरी करून सुरुवात करायची.

साखळी सुरू झाली ती 1956 ला, मुंबईत. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून फिल्म युनिट होतं. तिथे शिकवायला अमेरिकेतून क्लेअर वीक्स आले. हे डिस्नेचे अ‍ॅनिमेटर, 'स्नो व्हाइट', 'बॅम्बी', 'पीटर पॅन'वर काम केलेले. गंमत म्हणजे त्यांचा जन्म भारतातला, आईवडील मिशनरी होते. शिकायला बसलेल्यांमध्ये जी. के. गोखले होते, आणि राम मोहन नावाचा, रसायनशास्त्र शिकलेला एक पंचविशीतला तरुण होता. या युनिटमधून 1957 मध्ये 'द बनियन डीअर' निघाली. गोष्ट जातकातली: गाभण हरिणीच्या जागी स्वतः मरायला तयार होणारा हरणांचा राजा. 'बॅम्बी' केलेल्या माणसाच्या हाताखाली पहिलीच मोठी फिल्म हरणांची व्हावी, हा योगायोग असेल तर फार गोड आहे.

पण अशा ठिकाणी नेमकं शिकतात काय? हे पुस्तकातून कळत नाही. मी काही महिने एका निवृत्त अ‍ॅनिमेटर काकांकडे जात होतो. नाव घालू नकोस म्हणाले, म्हणून घालत नाही. पहिला धडा चेंडूचा. काचेखाली दिवा असलेलं टेबल, कागदाला भोकं पाडलेली, ती खुंट्यांवर बसवायची, म्हणजे कागद हलत नाही. चेंडू वर जातो तेव्हा सगळ्यात उंच जागी हळू होतो, तिथे चित्रं दाटीनं येतात. खाली येताना वेग वाढतो, तिथे चित्रांमधलं अंतर वाढतं. जमिनीला टेकला की चपटा, उसळला की लांबट. चार-पाच कागद बोटांच्या मधे धरून उलटत राहायचे आणि डोळ्यानं हालचाल तपासायची. काका म्हणायचे, "अरे, रेघ कसली बघतोस? अंतर बघ. चेंडू रबराचा आहे की लोखंडाचा, ते अंतर सांगतं." चेंडूनंतर पिठाची गोणी, मग माणसाची चाल. चाल आली की हरीण.

राम मोहन हेच पुढच्यांना शिकवत राहिले. 1967 च्या त्यांच्या 'होमो सॅप्स'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1968 मध्ये ते फिल्म्स डिव्हिजनमधून बाहेर पडले आणि 1972 मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. 'शतरंज के खिलाडी'मधला अ‍ॅनिमेशनचा तुकडा त्यांचा. जपानच्या युगो साको यांच्याबरोबर केलेली 'रामायण' 1992 ची, ती 2025 मध्ये थिएटरात परत लागली तेव्हा तुमच्यातल्या काहींनी बघितलीही असेल. फिल्म्स डिव्हिजनमध्ये बॅकग्राउंड रंगवायला आलेले भीमसेनही अ‍ॅनिमेशन तिथेच शिकले. त्यांच्या 'द क्लाइंब'ला शिकागोच्या महोत्सवात सिल्व्हर ह्यूगो मिळाला. आणि 1974 ची, विजया मुळे यांची 'एक, अनेक और एकता' आठवतेय? दूरदर्शनवर आईबाबांनी शंभर वेळा बघितलेली? तिचं अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. म्हणजे 1956 ची ती साखळी थेट तुमच्या घरच्या टीव्हीपर्यंत आलीय.

आता इनबिट्वीनरकडे परत. मधली चित्रं भरणं हे कंटाळवाणं काम, हे खरं. 90 च्या दशकानंतर परदेशी स्टुडिओंचं असं बरंच काम आपल्याकडे यायला लागलं आणि आपण स्वस्तातले इनबिट्वीनर झालो, अशी तक्रारही झाली. ती चुकीची नाही. पण शिकणाऱ्याची पहिली पायरीही तीच होती. उस्तादाच्या दोन पोझ समोर ठेवून मधली पोझ काढताना उस्तादानं विचार कसा केला ते हाताला कळायचं. आता सॉफ्टवेअर दोन पोझ घेऊन मधलं स्वतः भरतं. वेळ वाचतो, मान्य. पण पहिली पायरीच काढून घेतली तर नवा मुलगा किंवा मुलगी वर चढणार कुठून? मोबाईलवर व्हिडिओ हजार आहेत, मीही बघतो. पण व्हिडिओतला माणूस तुमचा कागद उलटून बघत नाही.

म्हणून फोन जरा बाजूला ठेवा. एक जाडसर वही घ्या, कोपऱ्यात 12 पानांवर एक चेंडू काढा, वर दाटीनं आणि खाली लांब लांब. अंगठ्यानं पानं सोडा. लोखंडाचा वाटला तर अंतरं बदला आणि पुन्हा काढा. जमलं की व्हिडिओ पाठवा, निवडक आपण पुढच्या भागात टाकू. पुढचा भाग रविवारी.