एका मायक्रोफोनपासूनचे अंतर

१९५० ते १९७५ या काळात मुंबईत झालेले हिंदी चित्रपटगीतांचे ध्वनिमुद्रण बहुतांशी मोनो पद्धतीचे, म्हणजे सगळे आवाज अखेर एकाच ध्वनिपट्टीवर एकवटणारे होते, आणि म्हणून ही गाणी हेडफोनवर ऐकताना कानांना डाव्या-उजव्याचा भेद मिळत नाही. मिळतो तो जवळ-दूरचा. हा भेद मुख्यतः गायकाला आणि वादकांना मायक्रोफोनपासून कमी-अधिक अंतरावर बसवून साधलेला असे. घरच्या रेडिओवर तो जेमतेम जाणवत असे. हेडफोनवर मात्र तो इतका उघड होतो की ध्वनिमुद्रणाच्या कक्षात कोण कुठे बसले असावे याचा माग केवळ ऐकूनही बराचसा काढता येतो.

या अंतराला रचनेत स्थान मिळायला काही वर्षे जावी लागली. ‘आलम आरा’च्या (१९३१) काळात नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात आणि वादक चौकटीबाहेर आडोशाला बसून साथ करीत, त्यामुळे मायक्रोफोन कुठे लपवता येईल यावरच आवाजाचा दर्जा ठरे. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायन, म्हणजे गाणे आधी स्वतंत्रपणे मुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी नटाने त्यावर ओठ हलवण्याची पद्धत, वापरली आणि गाणे कॅमेऱ्याच्या बंधनातून सुटले. त्या मोकळिकीचा सर्वांत सुंदर उपयोग ‘महल’मध्ये (१९४९) आढळतो. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्या त्यातल्या एका गीतात दूरवरून जवळ येत जाणारा स्वर हवा होता, आणि तो मिळवण्यासाठी लता मंगेशकरांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवून त्यांनी कोपऱ्यापासून गात गात त्याच्याकडे चालत यावे अशी योजना झाली. हेडफोनवर आरंभीच्या ओळी ऐकताना आवाज केवळ मोठा होत नाही, तर त्याच्याभोवतीचा खोलीचा घुमारा पावलागणिक कमी होतो आणि शब्दांच्या कडा स्पष्ट होत जातात. आवाजाची पातळी यंत्रावर नुसती वाढवली असती तर हा बदल घडला नसता.

पुढच्या दोन दशकांत ताडदेवच्या फेमस स्टुडिओत मिनू कात्रक आणि वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत रॉबिन चॅटर्जी यांच्यासारख्या ध्वनिमुद्रकांनी ही कला मोठ्या वाद्यवृंदापर्यंत नेली. संगीतकाराची चाल वाद्यांमध्ये वाटून स्वरलिपीत लिहून देणाऱ्याला अरेंजर म्हणत, आणि या कामात गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा होता, कारण तिथल्या चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण लहानपणीच मिळे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यांतली ठळक नावे होत. संगीतकार शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत अंतरा चालू असताना गायकाच्या चालीखाली व्हायोलिनची एक स्वतंत्र, संथ चाल वाहत असते. तिला प्रतिचाल म्हणता येईल आणि ती डिसोझा यांची खासियत होती. रेडिओवर ती नुसती भरावासारखी वाटे, हेडफोनवर मात्र ती गायकाने सोडलेल्या जागेत नेमकी वर येते आणि शब्द सुरू होताच मागे सरते. संगीतकार अनिल विश्वासांनी लताबाईंना मायक्रोफोनसमोर ऐकू न येईल असा श्वास कसा आणि कुठे घ्यावा हे शिकवले होते. तो लपवलेला श्वासही आज शोधला तर सापडतो, आणि त्याने गाण्याचे काही उणे होत नाही.

सत्तरच्या दशकात वाद्यांचे गट वेगवेगळ्या ट्रॅकवर घेण्याची सोय वाढली आणि बारीक आवाजांना स्वतःची जागा मिळाली. ‘यादों की बारात’मधल्या (१९७३) एका गीताच्या आरंभी राहुलदेव बर्मन यांनी योजलेली काचेच्या पेल्याची किणकिण, किंवा त्यांच्या ताफ्यातले अमृतराव काटकर वाजवीत ते रेसो-रेसो, म्हणजे खाचांवर काडी घासून खरखर काढण्याचे वाद्य, हे सारे साइड ऱ्हिदममध्ये, म्हणजे तबला-ढोलकच्या मुख्य ठेक्याला पूरक असलेल्या लहान तालवाद्यांत मोडते. त्यातली खरखर काढून टाकली तर ठेका चुकत नाही, पण गाण्याची चाल जड होते. अशा वादकांची नावे श्रेयनामावलीत वा तबकड्यांच्या वेष्टनांवर सहसा छापली जात नसत, आणि हा अन्याय फार उशिरापर्यंत चालला, ए. आर. रहमान यांनी वादकांची आणि ध्वनिमुद्रकांची नावे ध्वनिफितींवर व सीडींवर आवर्जून द्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे तो काही अंशी दूर झाला.

जुन्या गाण्यांच्या आज मिळणाऱ्या प्रती मात्र सारख्या नाहीत. काहींत मूळ मोनो मुद्रण कृत्रिमरीत्या दोन कानांत वाटले आहे, काहींत वरून घुमारा चढवला आहे, तर काहींत मूळ गळा ठेवून मागची वाद्ये नव्याने वाजवून घेतली आहेत. अशा प्रतींत कक्षातले मूळ अंतर विस्कटते आणि गायक व व्हायोलिन एकाच सपाटीवर येतात, म्हणून अभ्यासकाने सुधारणेचा हात न लागलेली मोनो प्रतच आधी मिळवावी, मग तिच्यात तबकडीची थोडी खरखर राहिली असली तरी चालेल.